कविता मुखी असावी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या आरंभी, कोलकाता येथील सभेत केलेले भाषण)



‘काव्याचा उत्सव कसा साजरा करावा’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कवी नव्हे, समीक्षक नव्हे, प्राध्यापकही नव्हे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, त्यास तीस वर्षे होऊन गेली. या तीस वर्षांत आमच्या लेखणीतून उतरली ती टिपणे, स्मरणपत्रे आणि शेरे. त्यांत यमक नाही, छंद नाही. रस असलाच तर तो करुण, आणि तोही ज्याची फाईल अडली असेल त्याच्यापुरता! तथापि बदल्यांच्या निमित्ताने नागपूर, भोपाळ आणि कोलकाता असा आमचा प्रवास झाला, आणि महाराष्ट्राबाहेर गेल्यावर मराठी मंडळात सतरंज्या घालण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत सर्व कामे हातून घडली. त्या अनुभवाच्या बळावरच आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत.

आरंभी एका फजितीची कथा सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या सांस्कृतिक विभागाचा भार आमच्यावर होता. आम्ही मोठ्या उत्साहाने कविसंमेलन योजिले. महाराष्ट्रातून एका नामवंत कवींना पाचारण केले, सभागृह घेतले, दोनशे खुर्च्या मांडल्या. श्रोते आले एकोणीस, आणि त्यांपैकी अकरा जण कार्यकारिणीचे सदस्य होते! पाहुण्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून दीड तास कविता ऐकवल्या. घरी परतताना आम्ही मनाशी निर्णय करून टाकला, की परप्रांतात वाढलेल्या नव्या पिढीस मराठी कवितेची गोडी उरलेली नाही, आणि यात आपला काही इलाज नाही. फाईलवर ‘नस्ती बंद’ असा शेरा मारावा, तसा हा शेरा आम्ही मारला.

हा शेरा चुकीचा होता, हे आम्हांस आमच्याच घरात कळले. त्यासाठी थोडे घरगुती बोलावे लागेल, त्याची क्षमा असावी.

आमची कोलकात्यास बदली झाली ती २०१२ साली. वडील गेल्यानंतर मातोश्री आमच्याकडेच असत. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही खेड्यातली. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येत, याची गणती नव्हती. सरकारी निवासस्थानात जाते कोठून असणार? पण तांदूळ निवडता निवडता, शेंगा सोलता सोलता त्यांच्या ओव्या चालू असत. भावावरच्या, लेकीवरच्या, विठ्ठलावरच्या, आणि क्वचित सासुरवासावरच्याही. आम्ही कचेरीचे कपडे करीत असताना, वर्तमानपत्र चाळीत असताना त्या आमच्या कानांवर पडत. आम्ही त्या जन्मभर ऐकल्या.

आमची कन्या येथल्या शाळेत बंगाली शिकत होती. पंचविशे बैशाख, म्हणजे रवींद्रनाथांची जयंती, जवळ आली की येथील मुलांची किती लगबग चालते, हे आपण सर्व जाणताच. एका वर्षी तिने रवींद्रनाथांची एक दीर्घ कविता पाठ केली आणि घरात आजीपुढे म्हणून दाखवली. आजीला शब्द कळले नाहीत, पण त्यांनी बोटांनी ताल धरला, आणि कविता संपल्यावर म्हणाल्या, “आता माझं ऐक आणि माझ्या मागनं म्हण.” त्यांनी एक ओवी सांगितली. मुलीने ती चार-पाच वेळा घोळून घोळून म्हटली. सासुरवाशिणीला पंचमीच्या सणासाठी न्यायला भाऊ डोंगर उतरून येत आहे, आणि ती उंबऱ्यातून वाट पाहते आहे, असा त्या ओवीचा भाव. मुलगी आम्हांस म्हणाली, “बाबा, आजीच्या सगळ्या ओव्या मला लिहून द्या ना.” आम्ही म्हणालो, “देऊ हो, मोठ्या सुटीत निवांत बसून लिहू.”

ती मोठी सुटी आलीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये मातोश्री गेल्या. तेरावे झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो, आणि एकही ओवी पूर्ण आठवेना. चाल आठवे, एखादा शब्द आठवे, दुसरा चरण हाती लागत नसे. कोणती सरकारी फाईल दहा वर्षे ठेवावी आणि कोणती कायमची जतन करावी, हे ठरवणाऱ्या आम्ही आमच्या मातेचा अभिलेख मात्र जपला नव्हता. ध्वनिमुद्रणाची सोय असलेला भ्रमणध्वनी सदैव आमच्या खिशात होता. त्यावर कचेरीतील बैठकी मुद्रित होत होत्या. आमच्या घरात आज मातोश्रींची एकच ओवी शिल्लक आहे. ती आमच्या मुलीस येते.

मंडळी, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही शेकडो ओव्या चाळीस वर्षे ऐकल्या आणि आम्हांस एकही आली नाही. मुलीने एकच ओवी एका संध्याकाळी स्वतःच्या मुखाने म्हटली, आणि ती तिची झाली. ऐकलेली कविता पाहुण्यासारखी येते आणि जाते. म्हटलेली कविता घरची होते. आमचे कविसंमेलन का फसले, हेही मग उमगले. आम्ही लोकांना केवळ ऐकावयास बोलावले होते. ज्याच्या मुखी एकही कविता नाही, त्याने दुसऱ्याची कविता ऐकण्यासाठी रविवारची संध्याकाळ का द्यावी?

आपल्या पूर्वजांना हे सांगावे लागत नव्हते. वारीत चालणारा वारकरी हा अभंगाचा श्रोता नसतो. तो टाळ वाजवीत तो अभंग म्हणत असतो. अक्षरशत्रू माणसांच्या मुखी ज्ञानदेव-तुकारामांची वाणी शतकानुशतके टिकली, ती याच रीतीने. नामदेवरायांची तर ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत आणि पंजाबात ती आजही नित्य म्हटली जातात. जात्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी धरावी आणि दुसरीने तिला साथ द्यावी, हाही म्हणण्याचाच प्रकार. घरोघर मुले कवितांच्या भेंड्या खेळत. त्यांतही ज्याला कविता येत नाही त्याच्यावर भेंडी चढे!

अर्वाचीन काळातील काव्याचे उत्सव पाहिले, तरी हेच दिसते. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली, आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन तो संमेलनातून बाहेर पडला. त्या मुलास उभे राहून म्हणण्याची संधी मिळाली नसती तर? १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृती कवी दर रविवारी एकत्र जमत आणि एकमेकांस कविता म्हणून दाखवीत. त्यांच्या काव्यगायनाने कविता पुस्तकातून उठून सभेत आली. पुढे १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणास प्रारंभ झाला. त्यातील ५६ गीते क्रमाने प्रसारित झाली आणि घरोघर म्हटली जाऊ लागली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने गावोगाव हिंडून काव्यवाचन केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी तर स्वतः कवी म्हणून न मिरवता बोरकरांची आणि मर्ढेकरांची कविता रसिकांपुढे उभी केली. दुसऱ्याची कविता प्रेमाने म्हणणे ही केवढी मोठी सेवा आहे, हे त्या दांपत्याने दाखवून दिले.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सभांना जे श्रोते येत, त्यांना शाळेत शिकलेल्या दहा-वीस कविता तोंडपाठ असत. आपल्या परप्रांतातील मुलांना ती पुंजी शाळेतून मिळत नाही. ती देण्याचे काम घराला आणि मंडळाला करावे लागेल.

हे कसे करावे, ते शिकण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. आपल्याकडे ‘आवृत्ती’ म्हटले की पुस्तकाची आवृत्ती आठवते. बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ कविता मुखाने म्हणणे असा होतो. येथे पाड्यापाड्यांत आवृत्तीचे वर्ग चालतात. पंचविशे बैशाखला गल्लीच्या तोंडाशी लहानसा मंच उभारतात, एक हार्मोनियम, एक तबला, रवींद्रनाथांची हार घातलेली तसबीर, आणि मग शिशुवर्गातील मुलापासून सेवानिवृत्त आजोबांपर्यंत जो तो येऊन कविता म्हणतो. कोणी अडखळतो, मागून कोणी पुढचा शब्द सुचवतो, सभा पुढे चालते. या उत्सवात म्हणणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग नसतात, हे त्याचे मर्म आम्हांस वाटते.

हे पाहून आमच्या मनाने घेतले, आणि पाच-सहा घरांनी मिळून ‘कवितेची बैठक’ सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाच्या घरी जमावयाचे. नियम तीनच. पहिला, बैठकीत केवळ श्रोता म्हणून कोणी बसावयाचे नाही; लहानथोर प्रत्येकाने एक कविता म्हणावयाची, पाठ नसेल तर पाहून म्हणावयाची. दुसरा, पहिले वर्षभर स्वतःची कविता म्हणावयाची नाही. या नियमामुळे आमचे एक स्नेही तीन महिने आमच्याशी बोलत नव्हते. पण दुसऱ्यांच्या कविता म्हणता म्हणता त्यांच्या स्वतःच्या कविता सुधारल्या, असे आता तेच सांगतात! तिसरा नियम, शेवटच्या माणसाची कविता झाल्याखेरीज चहा नाही. हा नियम सर्वांत परिणामकारक ठरला.

या बैठकीत काय घडले, तेही सांगतो. मंडळाच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षे शेवटच्या रांगेत मुकाट बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी बालकवींची श्रावणावरची कविता आरंभापासून अखेरपर्यंत डोळे मिटून म्हटली. त्यांच्या सूनबाई चकित होऊन पाहत राहिल्या. बंगाली माहेरच्या एका सुनेने कुसुमाग्रजांची कविता बंगाली लिपीत उतरवून घेतली आणि म्हटली. मुलांच्या उच्चारांची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. बंगालीत ‘ळ’ नाही, ‘ण’चा उच्चार ‘न’ होतो आणि ‘व’चा ‘ब’. परिणामी आमच्या मुलांच्या तोंडी विठ्ठल हा ‘बिठ्ठल’ झाला होता आणि सकाळची ‘सकाल’ झाली होती. आम्ही रागावून, टोकून हे सुधारले नाही. पण तुकोबांचा अभंग तालावर म्हणावयाचा, तर ‘ळ’ला जिभेने वळावेच लागते. सहा महिन्यांत ते वळण पडले. व्याकरणाच्या पुस्तकाने जे साधले नाही, ते कवितेने सहज केले.

दुसरा उपक्रम आहे ‘ओवीची वही’. प्रत्येक घराने एक वही घालावी. घरातील वडीलधाऱ्यांना जी गाणी, ओव्या, उखाणे, भूपाळ्या, अंगाईगीते येत असतील, ती तीत उतरवून घ्यावीत, आणि शक्य असेल तेथे त्यांच्या आवाजात मुद्रितही करावीत. हे काम किती मोलाचे आहे, याची साक्ष खानदेशची भूमी देते. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आणखी एका आप्ताने त्यांतली काही लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या; ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह तो संग्रह प्रसिद्ध झाला. घरात वही नसती, तर मराठी भाषा एका थोर कवयित्रीस मुकली असती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. परक्या दारी जाऊन त्यांनी हे केले. आपणांस तर आपल्याच स्वयंपाकघरापर्यंत जावयाचे आहे. आमच्या घरी ही वही एका ओवीवर थांबली आहे. आपल्या घरी ती तशी थांबू नये, एवढ्यासाठीच आम्ही मघाची घरगुती कथा सांगितली.

तिसरा उपक्रम शेजाऱ्यांसमवेत करण्याचा आहे. आपण पन्नास वर्षे या भूमीत राहिलो. तिचे आणि आपले काव्याचे नाते फार जुने आहे. रवींद्रनाथांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर हे आय. सी. एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. परप्रांतात नोकरीस गेलेल्या या अधिकाऱ्याने तुकारामांचे अभंग वाचले आणि त्यांपैकी काही बंगालीत आणले. आम्ही सरकारी नोकर असल्याने हे उदाहरण आम्हांस विशेष लाजवते! तसेच सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. पण बंगालीचे नामांकित लेखक झाले. त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ सालचा. त्याच वर्षी, शिवछत्रपतींवरील त्यांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने, रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. यास्तव आमची सूचना अशी, की दर वर्षी एक संध्याकाळ दोन भाषांची असावी. मराठी मुलांनी रवींद्रनाथ म्हणावेत, बंगाली शेजाऱ्यांनी तुकोबा म्हणावेत, आणि प्रत्येक कवितेपूर्वी तिचा आशय दुसऱ्या भाषेत दोन वाक्यांत सांगावा. आपली कविता शेजाऱ्याला समजावून सांगावी लागली, म्हणजे ती आपणांसही प्रथमच नीट कळते, असा आमचा अनुभव आहे.

आता कोणी म्हणेल, की उत्सवाचे दिवस तर आहेतच. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. युनेस्कोने १९९९ साली २१ मार्च हा जागतिक काव्यदिन ठरवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत साहित्य संमेलनही झाले. हे सर्व आनंदाचे आहे, अभिमानाचे आहे. परंतु दर्जा सरकार देते. भाषा मुखी असणे हे सरकारच्या अखत्यारीत येत नाही. हे तीस वर्षे सरकारात काढलेला माणूस सांगतो आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा!

सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी मंडळापुढे आम्ही एकच ठराव ठेवतो. मंडळास पन्नास वर्षे झाली; या वर्षी मंडळाच्या पन्नास मुलामुलींच्या मुखी प्रत्येकी एक मराठी कविता असावी. पारितोषिके ठेवू नयेत, क्रमांक लावू नयेत. ज्या मुलाची कविता पाठ झाली, त्याने ती आपल्या घरातील सर्वांत वडील माणसास म्हणून दाखवावी, आणि त्या माणसाने मोबदल्यात आपली एक कविता त्या मुलास शिकवावी. यास निधी लागत नाही, सभागृह लागत नाही, दोनशे खुर्च्याही लागत नाहीत.

आमची कन्या आता नोकरीनिमित्त बंगळुरास असते. गेल्या श्रावणात, पंचमीच्या दिवशी, आम्ही तिला दूरध्वनी केला आणि म्हणालो, “आजीची ओवी मला शिकव.” ती म्हणाली, “बाबा, नुसतं ऐकू नका. माझ्या मागनं म्हणा.” वयाच्या या टप्प्यावर आम्ही आमच्या मातोश्रींची ओवी आमच्या मुलीकडून शिकलो. गळा बेसूर आहे; पण जे पन्नास मुलांना सांगावयाचे, ते स्वतः केले पाहिजे. तेव्हा आपल्या अनुमतीने ती एक ओवी म्हणतो आणि आपली रजा घेतो.

(येथे वक्त्यांनी ओवी म्हटली. दुसऱ्या वेळी सभेतील काही वडील भगिनींनी तीत आपला सूर मिळवला.)